कन्व्हर्टिबलचं कापडी छत धुणं आणि पुन्हा रंगवणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडता येणाऱ्या कापडी छताची गाडी असली की हे प्रश्न आज ना उद्या पडतातच, म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवली. कंपनी कुठलीही असो, काम साधारण सारखंच आहे. रंगाच्या बाटलीवरच्या सूचना मात्र वाचायच्याच, त्या आणि इथलं काही वेगळं निघालं तर बाटलीचं ऐका.

माझं काळं छत पार करडं पडलंय. थेट डाय मारला तर चालेल ना?

नाही. आधी धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बघा. या छतांचं वरचं कापड बहुतेक वेळा ॲक्रिलिकचं (एक कृत्रिम धागा) असतं आणि त्याचा रंग वरून दिलेला नसतो, धागा तयार होतानाच त्यात मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हाने विटतो खरा पण लोकांना वाटतं तेवढ्या लवकर नाही. जे करडं दिसतं त्यातलं बरंचसं म्हणजे बारीक धूळ, रस्त्यावरचा तेलकट धूर, शेवाळाची सुरुवात आणि मागच्या वेळी नीट न खळबळलेल्या शॅम्पूचा थर. यावर रंग मारला तर तो कापडाला न धरता मळाला धरतो आणि पुढच्या पावसात मळासकट निघून ओघळ होऊन गाडीच्या पेंटवर येतो.

खरंच रंग उडालाय का हे बघायचं असेल तर पाणी मारून बघू नका, ओलं कापड कसंही गडदच दिसतं. मागच्या बाजूला तळहाताएवढा तुकडा नीट घासून धुवा, पूर्ण सुकू द्या, आणि मग जिथे ऊन कधी पोचत नाही अशा जागेशी ताडून बघा, म्हणजे दाराच्या काचेवरची पट्टी जिथे आत वळते तिथली आतली बाजू. दोन्हीकडे रंग जवळपास सारखा असेल तर तुम्हाला डायची गरजच नाहीये, फक्त वॉटरप्रूफिंग करा (थेंब कापडात मुरू न देणारा वॉटरप्रूफर मारा) आणि मोकळे व्हा. माझ्या मते डायच्या नादाला लागलेल्या निम्म्या लोकांचं काम इथेच संपायला हवं.

माझं छत कापडी आहे का विनाइलचं, कसं ओळखू?

नख फिरवा. कापडी असेल तर विणीचा खरखरीतपणा लागतो आणि जवळून वीण दिसते. विनाइल रेक्झिनसारखं, चामड्याचा खोटा दाणा असलेलं, आणि त्यात पाणी अजिबात मुरत नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला कंपनीतून बहुतेक विनाइलचंच छत यायचं, पण आता इतक्या जुन्या गाड्यांवर मधे कुणीतरी कापडी बसवलेलं असू शकतं, म्हणून मॉडेल बघून ठरवू नका, हात लावून ठरवा. विनाइलवर कापडाचा डाय आणि कापडाचा वॉटरप्रूफर दोन्ही वाया जातात, चिकट थर तेवढा राहतो.

जाहिरातीत मोहेअर (म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचं कापड) लिहिलेलं असलं तरी आजकालच्या गाड्यांवर ते बहुतेक ॲक्रिलिकच असतं, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

पाणी नक्की अडवतं कोण? वरचं कापड?

वरचं कापड नाही. या छतात तीन थर असतात, वर ॲक्रिलिक कापड, मधे ब्यूटिल रबर, आणि खाली सुती किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. पाणी अडवायचं खरं काम मधलं रबर करतं. वरच्या कापडाला जो फिनिश दिलेला असतो त्यामुळे थेंब मोत्यासारखे वर राहतात आणि घरंगळतात. तो फिनिश गेला म्हणजे लगेच छत गळायला लागतं असं नाही, पण कापड पाणी पितं, तासन्‌तास ओलं राहतं, मळ आत ओढून घेतं, त्यावर शेवाळ धरतं, आणि थंडीच्या ठिकाणी ते पाणी कापडातच गोठतं. म्हणून थेंब राहायचे थांबले की वॉटरप्रूफिंगची वेळ झाली असं समजायचं, गळतीची वाट बघत बसायचं नाही.

धुवायला सामान काय लागतं?

फार काही नाही. मऊ केसांचा ब्रश (घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम, कपडे घासायचा ताठ ब्रश नको), दोन बादल्या, साधा पाइप, सॉफ्ट टॉपसाठीचा (कापडी छताला सॉफ्ट टॉप म्हणतात) क्लीनर किंवा न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा सौम्य शॅम्पू, पांढरे स्वच्छ फडके, आणि ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर चांदीच. रेनोवो, ऑटोग्लिम, ३०३ या कंपन्यांचे सॉफ्ट टॉपसाठीचे क्लीनर येतात, कुठलाही घ्या.

भांडी घासायचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर नको. मळ काढतात छान, पण त्यांचा अंश कापडात राहतो आणि तोच अंश पाण्याला आत बोलावतो, मग वरून कितीही भारी वॉटरप्रूफर मारा, थेंब राहणार नाहीत आणि लोक शिव्या वॉटरप्रूफरला देतात.

बरं, आता धुवायचं कसं ते नीट सांगा.

सावलीत गाडी लावा, छत पूर्ण बंद आणि लॉक, काचा वर. पहिलं काम कोरडं: व्हॅक्यूम किंवा ब्रशने धूळ, पानं, केस काढून टाका, विशेषतः मागच्या काचेच्या खालच्या खाचेतलं, कारण तो कचरा ओला झाला की चिखल होतो आणि तुम्ही तोच चिखल सगळ्या छतावर फिरवत बसता. मग गाडीच्या बॉडीवर आधी पाणी मारा म्हणजे वरून येणारं मळकं पाणी पेंटवर वाळणार नाही, आणि मगच छत भिजवा, सगळीकडे सारखं.

क्लीनर लावून एकावेळी एकच भाग घ्यायचा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. ब्रश विणीच्या दिशेने, पुढून मागे, दाब हलका. गोल गोल घासलं की कापडाचे तंतू उभे राहतात आणि मग ते पिसारलेलं कापड कायमचं जुनाट दिसतं. घासताना फेसाकडे लक्ष ठेवा, पहिल्या हाताला तो तपकिरी नाहीतर हिरवट येतो, कधी कधी अगदी चहाच्या गाळासारखा, दुसऱ्याला करडा, आणि ज्या हाताला फेस पांढरा राहील तिथे तो भाग झाला. शिवणींच्या कडेला आणि पुढच्या काचेवरच्या पट्टीला मळ जास्त धरतो, तिथे जुना मऊ टूथब्रश वापरा. फेस कापडावर वाळू द्यायचा नाही, उन्हात धुऊ नका म्हणतात ते यासाठीच.

खळबळणं ही सगळ्यात कंटाळवाणी पण खरी महत्त्वाची पायरी. पाइपने वरून खाली पाणी सोडत राहा, मधेच पांढरा फडका जोरात दाबून बघा. फडक्यावर फेस किंवा रंग येतोय तोपर्यंत पाणी चालू. तुम्हाला वाटेल झालं, तरी अजून एकदा.

वाळायला किती वेळ?

स्पर्शाला कोरडं लागतं त्याच्या बरंच नंतर ते खरं कोरडं होतं, शिवणींमधे ओल लपून राहते. हवा बरी असेल तर किमान एक अख्खा दिवस, दमट असेल तर दोन. पाणी व्हॅक्यूमने ओढलं किंवा पानं उडवायच्या ब्लोअरने उडवलं तर वेळ वाचतो, हीट गन मात्र लांब ठेवा. आणि ओलं छत खाली करून घडी घालायची नाही म्हणजे नाही, सुरकुत्या बसतात, आत कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

प्रेशर वॉशर वापरला तर काम पटकन होईल ना?

होईल, आणि टाकेही पटकन सैल होतील. जवळून मारलेली धार तंतू फाडते आणि शिवणीतून पाणी आत ढकलते. वापरायचाच असेल तर लांबून, रुंद नोझलने, फक्त खळबळायला. मला विचाराल तर साधा पाइप पुरतो.

ऑटोमॅटिक कार वॉश?

ब्रशवाला नकोच. त्याहून वाईट म्हणजे शेवटी जो वॅक्स मारतात तो, कारण वॅक्स आणि सिलिकॉन कापडात बसले की पुढे डाय आणि वॉटरप्रूफर दोन्ही धड धरत नाहीत. गाडी आधी तशा वॉशमधून जात असेल तर रंगवायच्या आधी एकाऐवजी दोनदा धुवा.

छतावर हिरवं शेवाळ आलंय. ब्लीच टाकू का?

ॲक्रिलिकचा धागा ब्लीचला तसा दाद देत नाही, त्यामुळे नेटवर कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच की मी टाकलं, काही झालं नाही. पण छत म्हणजे नुसता तो धागा नाही, टाके आहेत, मधलं रबर आहे, कडेची रबरं आहेत, खाली पेंट आहे, आणि जो काही वॉटरप्रूफ फिनिश उरलाय तोही आहे. त्यामुळे ब्लीच नको. सुकं शेवाळ आधी मऊ ब्रशने किंवा बोथट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून घ्या, मग क्लीनर लावून जरा वेळ मुरू द्या आणि घासा. शेवाळासाठी वेगळे फवारे मिळतात, घेताना कापडी छताला चालतो असं लिहिलेलं बघून घ्या. मुळं विणीत गेलेली असतात म्हणून एका धुण्यात जात नाही, आठवडाभराने परत एकदा करा. आणि गाडी झाडाखाली लावायची सवय असेल तर ते परत येणार, त्याला इलाज जागा बदलणं हाच.

पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक, असले डाग?

पक्ष्याची शीट ओली असताना पुसू नका, पसरते आणि विणीत जाते. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग उरलेला डाग कोमट पाण्याचा फडका ठेवून काढा. चीक असेल तर पिशवीत बर्फ घेऊन वर धरा, कडक झाला की चिमटीने तुकडे निघतात, राहिलेल्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपायचं, चोळायचं नाही, आणि आधी कोपऱ्यात कुठेतरी करून बघायचं.

धुतलं, वाळलं, तरी विटलेलंच आहे. कपडे रंगवायचा रंग आणला तर?

पैसे फुकट. ॲक्रिलिकला खरा रंग चढवायचा तर त्याच्यासाठीचा वेगळा डाय आणि जवळपास उकळतं पाणी लागतं, आणि गाडीचं छत काही तुम्ही पातेल्यात घालू शकत नाही. थंड पाण्यात कालवलेला कपड्यांचा रंग नुसता वर बसतो आणि पहिल्या पावसात उतरतो, तोही तुमच्या पेंटवर.

छतासाठी जो रंग मिळतो, ज्याला रिव्हायव्हर किंवा रिस्टोरर म्हणतात, तो रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारा बाइंडर यांचं पाण्यात केलेलं पातळ मिश्रण असतं. म्हणजे तो धाग्याच्या आत जात नाही, बाहेरून धाग्याला धरतो. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत: कापड स्वच्छ का हवं, कोट पातळ का हवा, घडीच्या जागी रंग आधी का जातो, सगळं त्यातूनच येतं.

निळ्याचं काळं करता येईल? आणि काळ्याचं लाल?

पहिलं जमतं, दुसरं नाही. त्याच रंगाचा किंवा त्याहून गडद, एवढाच पर्याय. निळ्याचं काळं करतानाही आतली वळलेली पट्टी आणि छत उघडल्यावर दिसणाऱ्या कडा निळ्याच राहतात, ते चालणार असेल तर करा. मूळ रंग ठेवणंच मला बरं वाटतं, थोडा रंग झिजला तरी डोळ्यात येत नाही.

मास्किंग किती करायचं?

आळस येईल तेवढं करून त्यावर अजून थोडं. काचा, मागची काच, कडेची रबरं, डिकीचं झाकण, दारांच्या वरच्या कडा, सगळं पातळ प्लास्टिकने झाका आणि कापडाच्या कडेला चांगल्या प्रतीची मास्किंग टेप लावा, साधी टेप उन्हाने भाजली की गोंद सोडते. पुढची पट्टी काचेच्या फ्रेमवर जिथे टेकते तिथे छताचं लॉक सोडून पुढची कड जरा उचला, खालून टेप लावा, नाहीतर छत उघडलं की जुन्या रंगाची रेघ दिसते. जमिनीवरही काहीतरी अंथरा, फरशीवर पडलेला थेंब नंतर निघत नाही. पेंटवर थेंब उडालाच तर त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा, म्हणून एक ओला फडका खांद्यावर असू द्या. हातमोजे घाला, जुने कपडे घाला, हे सांगायला नको.

रंग लावायचा कसा?

दिवस असा निवडा की ऊन थेट नाही, वारा नाही, साधारण १० ते २५ अंश, आणि पुढचा अख्खा दिवस पावसाची शक्यता नाही. बाटली आधी बराच वेळ नीट हलवा, रंगद्रव्य तळाला बसलेलं असतं, अर्धवट हलवलं तर पहिला भाग फिका आणि शेवटचा भाग गडद येतो.

रंग पसरट भांड्यात ओतून दोन-तीन इंची मऊ ब्रशने लावायचा. रोलर विणीच्या खोलात पोचत नाही, आणि स्प्रे करायला गेलात तर शेजारच्याची गाडीही रंगेल. छताच्या मधल्या भागापासून सुरुवात, शिवण ते शिवण एक भाग पूर्ण करायचा, आधी आडवं लावून रंग विणीत भरायचा आणि लगेच वरून पुढून मागे हलका हात फिरवून सारखा करायचा. भागाच्या मधेच थांबायचं नाही, फोन वाजला तर वाजू दे, कारण ओली कड वाळली आणि तुम्ही परत तिथून सुरू केलंत की तिथे दुहेरी रंगाचा पट्टा उमटतो. शिवणीवर थांबलं तर मात्र कळत नाही, म्हणून विश्रांती शिवणीवरच. ब्रश ओथंबलेला नको. कडेच्या उतारावर खास लक्ष द्या, तिथे ओघळ येतात आणि ते दिसतात फक्त वाळल्यावर.

पहिला कोट वाळला की बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण ओला असताना जो काळाभोर दिसला तो वाळून ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. हे नेहमीचंच आहे. दुसरा पातळ कोट द्या. दोन पातळ कोट एका जाड कोटापेक्षा कधीही चांगले, जाड थर कडक होतो आणि घडीला तडकतो.

पट्टे दिसतायत, काय करू?

पूर्ण वाळेपर्यंत काही करू नका. मग त्या अख्ख्या भागावर, फक्त पट्ट्यावर नाही, अजून एक पातळ कोट. ठराविक जागी रंग धरतच नसेल तर तिथे वॅक्स, सिलिकॉन किंवा जुना वॉटरप्रूफर आहे, तो भाग परत धुवावा लागेल.

वॉटरप्रूफर रंगाआधी का नंतर?

नंतर, नेहमी नंतर. आधी मारलात तर तो रंगालाही बाहेरच ठेवेल. रंगानंतर किमान २४ तास जाऊ द्या, पांढरा फडका हलका घासून बघा, रंग येत नसेल तर मारा. काचा आणि पेंट परत झाका कारण काचेवर पडलेला फवारा वाळला की धूसर थर धरतो आणि वायपर फिरवला की आणखी फासतो. दोन हलके हात, शिवणींना थोडं जास्त. मारलं की लगेच पाणी टाकून बघायची घाई सगळ्यांना होते, ती आवरा, एक दिवस तरी कोरडं राहू द्या. परत कधी मारायचं ते थेंबच सांगतील, बाहेर उभ्या असणाऱ्या गाडीला साधारण वर्षातून एकदा-दोनदा लागतं.

रंग टिकतो किती?

गाडी कुठे उभी असते आणि छत किती वेळा उघडता यावर आहे सगळं. गॅरेजमधल्या गाडीचा बरीच वर्षं राहतो, उन्हातल्या गाडीचा लवकर विटतो, आणि रोज उघडबंद होणाऱ्या छतावर घडीच्या रेघा सगळ्यात आधी फिक्या होतात. तेवढ्यापुरता ब्रशने हात मारता येतो, दरवेळी अख्खं छत करायची गरज नाही.

मागची खिडकी प्लास्टिकची आहे, तिचं काय?

पहिल्या पिढीची एमएक्स-५, बीएमडब्ल्यू झेड३, सुरुवातीच्या पोर्शे बॉक्स्टर, यांना मागे काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक असतं. त्यावर छताचा ब्रश फिरवायचा नाही, ओरखडे पडतात, आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर मारायचा नाही, प्लास्टिक धुरकट होतं. भरपूर पाणी, मऊ मायक्रोफायबर, आणि हवं तर प्लास्टिकचं पॉलिश. थंडीत ती खिडकी कडक होते, घडी घातली की तडा जाऊ शकतो.

सगळं केलं, तरी सीटखाली ओलं होतंच आहे.

मग दोष कापडाचा नसण्याचीच शक्यता जास्त. आधी ड्रेन बघा. छतावरचं पाणी मागे एका खाचेत जमून नळीवाटे गाडीखाली जातं, एमएक्स-५ मधे ती भोकं सीटच्या मागे असतात, आणि पानं-चिखलाने तुंबली की पाणी आत पसरतं, गालिचा भिजतो आणि मालक वॉटरप्रूफरच्या बाटल्या आणत बसतो. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हळूच घालून मोकळं करा. तार नको, नळी फाटते, आणि कॉम्प्रेसरची हवा नको, नळी आतल्या आत सुटली तर गोंधळ वाढतो. त्यानंतर काचांभोवतीची रबरं, मग शिवणी. शिवणीतून झिरपत असेल तर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण) लावता येतो, टाके कुजले असतील तर परत शिवून घ्या, कापड चांगलं असेल तर एवढ्यावर भागतं.

कधी समजायचं की आता नवीन छतच?

फ्रेम घासून घासून कापडातून खालचं रबर किंवा अस्तराचे धागे दिसायला लागले, मागची काच कापडापासून सुटली, किंवा कापड आक्रसून पुढचं लॉक लावताना जोर काढावा लागतो, अशा वेळी. रंगाने भोक काळं दिसतं, बुजत नाही. आणि छत बदलायचंच ठरलं असेल तर रंगावर खर्च करू नका, तेवढं ड्रेन आणि फ्रेमच्या सांध्यांकडे बघा, ते नव्या छतालाही लागणारच आहेत.

बाटलीत थोडा रंग उरलाय, ठेवू का?

ठेवा, घडीच्या रेघांना लागेलच. झाकण घट्ट लावा, गोठणार नाही अशा जागी ठेवा, पाण्यातला रंग एकदा गोठला की फुटतो आणि गाठी होतात. भांड्यात ओतलेला उरलेला रंग परत बाटलीत टाकू नका, ब्रशचे केस आणि कापडाचा भुगा त्यात गेलेला असतो.